जर्मनीतला संसार, पाळणा आणि विम्याचं कार्ड

या महिन्याच्या टपालात विम्याचीच पत्रं जास्त, आणि जवळजवळ सगळी जर्मनीतून. त्यात नवल नाही. स्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर, गाड्यांच्या कारखान्यांमुळे पुण्याशी जाणं-येणं जुनं, आणि 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. पूर्वी एकटा इंजिनिअर यायचा. आता नुकतं लग्न झालेलं जोडपं येतं आणि वर्षभरात घरात पाळणा हलतो.

मी स्टुटगार्टजवळ एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काउंटरला बसते. विमा विकत नाही, कुणाचं कमिशन खात नाही. पण कुणाच्या हातात कुठलं कार्ड आहे आणि नऊ महिन्यांत त्याचं काय होतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. खालची पत्रं, उत्तरं आणि आकडे 2025 चे आहेत, जिथं 2026 चा आहे तिथं तसं लिहिलंय.

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, वय 31. ब्लू कार्डवर (कुशल नोकरदारांच्या परमिटवर) ब्योब्लिंगनला नोकरी लागून सात आठवडे झाले. पगार वर्षाला 76,000 युरो. सध्या येताना घेतलेल्या प्रवासी विम्यावर चाललंय, पण कंपनीचा एचआर रोज कागद मागतोय. एका एजंटनं खासगी विमा सुचवला आहे : महिना 560 युरो, त्यातले निम्मे कंपनी देणार. सरकारी घेतला तर माझ्या पगारातून याहून कितीतरी जास्त कापले जातील. पत्नी (वय 29) दोन महिन्यांनी येईल, आणि वर्षभरात मूल व्हावं असा विचार आहे. एजंट म्हणतो, आता स्वस्तात घ्या, पुढचं पुढे बघू. काय करू?
— एक वाचक, ब्योब्लिंगन

पुढचंच आधी बघा, कारण इथं पुढे गेल्यावर मागे फिरायचं दार फार अरुंद आहे.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘सात आठवडे’. सरकारी क्रांकेनकासे, म्हणजे टेक्निकर, आओका, बार्मर वगैरे आरोग्यविमा संस्था, यांत स्वतःहून शिरायला जर्मनीत पहिल्यांदा नोकरी धरणाऱ्याला तीन महिन्यांची मुदत असते. ज्याचा पगार 73,800 युरोच्या खाली आहे त्याला विचारतच नाहीत, तो आपोआप सरकारीत जातो. तुमचा वर आहे, म्हणून तुम्हाला निवड आहे, आणि म्हणूनच मुदतही आहे. ती चुकली तर पगार मर्यादेच्या वर आहे तोवर खासगी हाच रस्ता उरतो. एचआर कागद मागतोय तो तुमच्या भल्याचाच मागतोय. पुढच्या आठवड्यात कुठल्याही एका कासेचा अर्ज भरा. सदस्यत्व नोकरीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, मागचे हप्ते वळते होतात.

आता पैशाचं. सरकारीत तुमच्या पगाराला हप्ता कमाल मर्यादेला टेकतो, कारण 66,150 युरोच्या पुढच्या उत्पन्नावर आकारणी होत नाही. मूळ दर 14.6 टक्के, त्यावर सरासरी 2.5 टक्के जादा, आणि दोन्ही मालक-नोकरांत निम्मे निम्मे. तुमचा वाटा महिना साधारण 471 युरो. वृद्धापकाळच्या शुश्रूषेचा, फ्लेगेचा विमा दोन्हीकडे वेगळा, तो तूर्त बाजूला ठेवू. खासगीत तुमचे 280. म्हणजे एजंट खोटं बोलला नाही, आज महिन्याला 190 युरो वाचतात.

पण एजंटनं तुम्हाला एकट्याला मोजलं. सरकारीत तुमच्या त्याच 471 मध्ये पत्नी आणि होणारं मूल दोघंही फुकट येतात. तिची स्वतःची कमाई महिना 535 युरोच्या आत असली, किंवा 556 पर्यंतची मिनीजॉब, म्हणजे छोटी नोकरी, असली, की झालं. खासगीत माणशी हप्ता. पत्नीचा दर तुम्ही विचारलेला दिसत नाही. 29 वर्षांच्या बाईला 500 धरू, बाळाला 170. तिघांचे झाले 1,230. कंपनीचा वाटा घरच्यांसाठीही मिळतो, पण सगळा मिळून 471 च्या वर जात नाही. तुमच्या खिशातून महिना 759. सरकारीपेक्षा 288 जास्त, आणि पुढे वय वाढेल तसं हे काही कमी होत नाही. हा हिशेब मी दवाखान्यात पावतीच्या मागे करून दाखवते तेव्हा नवरे मंडळी फोन काढून पुन्हा बेरीज करतात.

दुसरी गोष्ट : सरकारी कासे तुमच्या पत्नीला काहीही विचारणार नाही. थायरॉइड आहे का, पीसीओडी आहे का, पूर्वी गर्भपात झाला होता का, काही नाही. खासगी कंपनी पाच-सात पानांची प्रश्नावली देते, आणि आपल्याकडच्या मुलींना थायरॉइडची गोळी चालू असणं किती सर्रास आहे ते मी सांगायला नको. त्यावर जादा हप्ता लावतात किंवा नाही म्हणतात. शिवाय बाळंतपणाच्या खर्चासाठी आठ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ ठेवायला कायद्यानं मुभा आहे. काही कंपन्या तो माफ करतात, पण ते पॉलिसीत लिहिलेलं हवं, एजंटच्या तोंडी असून भागत नाही. आणि दिवस राहिल्यावर अर्ज केलात तर खासगीकडून फारशी आशा ठेवू नका.

तिसरी, जी फार कमी जण विचारतात : उद्या पत्नीला नोकरी लागली आणि तिला सरकारी विमा मिळाला, तरी मूल तिच्या कार्डावर फुकट जाईलच असं नाही. नवरा खासगीत असेल, त्याचा पगार 73,800 च्या मर्यादेच्या वर असेल आणि बायकोपेक्षा जास्त असेल, तर मुलाला फुकट कुटुंबविमा मिळत नाही.

खासगीचं चांगलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलतात. तारीख लवकर मिळते. आमच्याकडेही मिळते, लपवण्यात अर्थ नाही. इस्पितळात मोठे डॉक्टर बघतात, पॉलिसीत असेल तर एकटीची खोली मिळते. पण त्याबरोबर पाकिटं येतात. सरकारी कार्ड आम्ही तीन महिन्यांतून एकदा मशीनमध्ये घालतो आणि विषय संपतो. खासगीवालीला प्रयोगशाळेचं बिल वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, आणि डॉक्टरांचं दरपत्रकाच्या सहसा 2.3 पटीनं, कारण लिहून दिलं तर 3.5 पटीपर्यंत. आधी आपण भरायचं, मग कंपनीकडून मागायचं. एक नाशिकची मुलगी सातव्या महिन्यात तीन पाकिटं घेऊन काउंटरवर आली होती. जर्मन येत नव्हतं, नवरा ऑफिसात, आणि कंपनीनं एका ओळीवर हरकत घेतलेली : जादा पट का लावली त्याचं स्पष्टीकरण द्या. स्पष्टीकरण आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं, पैसे मिळाले. पण तोवर ती तिथंच खुर्चीत बसून रडत होती. पैशापेक्षा हा व्याप कुणाच्या अंगावर पडतो ते बघा. कार्ड निवडतो कमावणारा, आणि पाकिटं उघडते घरी असलेली.

एक शेवटचा मुद्दा, आणि तुमच्या बाबतीत तो अगदी नेमका लागू आहे. ती 73,800 ची मर्यादा 1 जानेवारी 2026 पासून 77,400 होतेय. तुमचा पगार 76,000. म्हणजे आज खासगी घेतलात तरी जानेवारीत कायदा तुम्हाला पुन्हा सरकारीत ओढणार. तेव्हा एजंट एक फॉर्म घेऊन येईल, सक्तीतून सूट मिळण्याचा. त्यावर सही करू नका. ती सूट मागे घेता येत नाही. आणि वयाच्या 55 नंतर तर सरकारीत परतणं जवळपास अशक्यच.

दोघं भरपूर कमावणारे, मूल नको असं पक्कं ठरलेलं, आणि म्हातारपणी भारतात परतायचं निश्चित : अशांनी खासगीचा विचार जरूर करावा. तुम्ही त्यांतले नाही. बाळ झालं की सरकारीत फ्लेगेच्या हप्त्यातला निपुत्रिकांवरचा 0.6 टक्के जादा भार गळून पडतो, तुमच्या पगाराला महिना 33 युरो. ते मात्र मागायला विसरू नका, जन्मदाखल्याची प्रत एचआरला द्या.

प्रश्न : ताई, मी फॅमिली व्हिसावर म्युनिकला येऊन तीन आठवडे झाले. मला तिसरा महिना आहे, हे इथं आल्यावरच कळलं. नवऱ्याचा विमा सरकारी आहे. व्हिसासाठी मी जो इनकमिंग विमा घेतला होता त्यात गरोदरपण धरलेलं नाही, असं त्यांनी ईमेलवर कळवलं. माझं कार्ड अजून आलं नाही. डॉक्टरकडे गेले तर हजारो युरो होतील अशी भीती वाटते म्हणून थांबले आहे. सासूबाई म्हणतात, परत ये.
— वाचक भगिनी, म्युनिक

तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? थांबू नकोस. उद्या सकाळी जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन कर.

तुझा विमा कार्ड आल्यावर सुरू होत नाही. नवऱ्याच्या सरकारी विम्यावर तुझा कुटुंबविमा तू जर्मनीत राहायला आलीस त्या दिवसापासून धरला जातो, आणि आधीपासून दिवस गेले होते का याच्याशी कासेला काही देणंघेणं नाही. नवऱ्यानं त्यांचा कुटुंबाचा फॉर्म भरायचा, सोबत विवाहनोंदणीचा दाखला आणि पत्त्याच्या नोंदणीचा म्हणजे आनमेल्डुंगचा कागद. दाखला मराठी किंवा इंग्रजीत असेल तर कुठलं भाषांतर चालेल ते कासेलाच विचारा, प्रत्येकाची रीत वेगळी. आणि त्याच फोनवर नवऱ्यानं एक शब्द उच्चारायचा : एरझात्सबेशाइनिगुंग. म्हणजे कार्डाऐवजी चालणारा तात्पुरता कागद. तो ईमेलनं किंवा फॅक्सनं येतो (हो, इथं फॅक्स अजून आहे), आणि आमच्यासारख्या दवाखान्यात तो कार्डाइतकाच चालतो. इनकमिंग विम्यावाल्यांशी भांडण्यात दिवस घालवू नकोस. कुटुंबविमा लागू झाला की त्यांचं काम संपलं.

दवाखान्यात गेलीस की तुला फिकट निळं पुस्तक मिळेल, मुटरपास. रक्तगट, वजन, बाळाचे ठोके, सगळं त्यात. ते पर्समध्येच ठेवायचं, भाजी आणायला गेलीस तरी. तपासणी दर चार आठवड्यांनी, बत्तिसाव्या आठवड्यापासून दर दोन. मूळ पॅकेजमध्ये सोनोग्राफी तीनच : साधारण 9 ते 12, 19 ते 22 आणि 29 ते 32 या आठवड्यांत. आपल्याकडे दर भेटीला सोनोग्राफी करायची सवय असते, त्यामुळे मुली मला विचारतात, ‘इथं काळजी घेत नाहीत का?’ घेतात. गरज असेल तर चौथी-पाचवीही होते, तीही कासेच्या खर्चानं. नुसती हौस असेल तर पैसे आपले. साखरेची चाचणी 24 ते 28 आठवड्यांत होते, ती टाळू नकोस, आपल्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह जरा जास्तच गाठतो.

काउंटरवर एखादा कागद पुढे करून ‘ही चाचणी करायची असेल तर सही करा’ म्हणाले, तर ती कासेच्या बाहेरची, स्वतःच्या खर्चाची असते. टोक्सोप्लाज्मोसिसची चाचणी त्यातलीच, डॉक्टरला काही शंका असल्याशिवाय कासे तिचे पैसे देत नाही. वाईट नाही, पण सक्तीचीही नाही. किती युरो, ते विचार आणि घरी जाऊन ठरव. उगीच भिडेपोटी सही करायची नाही.

आणखी एक, आधीच सांगून ठेवते म्हणजे दचकणार नाहीस. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर सहज विचारतील, ‘मुलगा की मुलगी, सांगू का?’ इथं ते सांगणं गुन्हा नाही, गर्भधारणेला 12 आठवडे उलटल्यावर सांगता येतं. आपल्याकडून आलेले नवरे 1994 च्या कायद्याच्या धाकात वाढलेले. एक तर दाराकडे बघून म्हणाला, ‘नको नको, कुणी ऐकेल.’

प्रसूतीसाठी इस्पितळात दिवसाला जे 10 युरो भरावे लागतात ते बाळंतिणीला माफ, आणि गरोदरपणाशी संबंधित औषधांनाही वरचे पैसे नाहीत. मग खर्च कशाचा? नवरा सोबत राहणार असेल तर कुटुंबखोलीचा, तो आपला आपण.

पण म्युनिकमध्ये खरी टंचाई पैशाची नाही, हेबामेची आहे. हेबामे म्हणजे शिकलेली, परवाना असलेली सुईण. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, नंतर बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, आणि हे सगळं कासे भरते. नाळ, अंगावरचं दूध, टाके, बाळाचं वजन, तुझं रडू, सगळं ती बघते. चांगल्या हेबामे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच भरलेल्या असतात. म्हणून हे पत्र वाचून झालं की आधी कासेला फोन, मग डॉक्टरला, आणि लगेच हेबामे शोधायला बस. वीस जणींना लिही, दोघी उत्तर देतील.

तू नोकरी करत नाहीस म्हणून बाळंतपणाच्या रजेतला कासेचा भत्ता तुला नाही. पण एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या आईबापांचा सरकारी भत्ता, नोकरी नसलेल्या आईलाही किमान 300 युरो महिना मिळतं, काम करायची मुभा असलेलं तुझं राहण्याचं परमिट असलं की पुरे. बाळाचे किंडरगेल्डचे, म्हणजे मुलामागे मिळणाऱ्या भत्त्याचे, महिना 255 (2025 साली) वेगळे. सासूबाईंना हे आकडे सांग, परत ये म्हणायच्या थांबतील.

प्रश्न : माझी मुलगी स्टुटगार्टला असते. मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण आहे. मी 61 वर्षांची, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तीन महिने जाऊन राहायचं ठरवलंय. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, कुठलाही विमा घ्या, व्हिसा मिळाल्याशी कारण. जावई म्हणतो, जर्मनीचा विमा घ्या. कोणाचं ऐकू?
— एक आई, कोल्हापूर

ताई, ट्रॅव्हल एजंटचं काम व्हिसा शिक्क्यापाशी संपतं, तुमचं तिथून सुरू होतं. शेंगेन व्हिसाला 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ही किमान अट. ती सगळ्यात स्वस्त पॉलिसीही पुरी करते. तुमच्यासाठी खरी ओळ दुसरीच : आधीपासूनच्या आजाराचं काय?

बहुतेक प्रवासी विम्यांत आधीचा आजार धरत नाहीत. काहींत जीवावर बेतलेल्या प्रसंगी ठरावीक रकमेपर्यंत धरतात. तुम्हाला बीपी आहे आणि इथं चक्कर येऊन पडलात, तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल की हे बीपीमुळे का. म्हणून पॉलिसी घेताना तीन गोष्टी लेखी मागा : आधीच्या आजारात अचानक बिघाड झाला तर किती रक्कम, प्रत्येक वेळी आपल्याला आधी किती भरावे लागतील, आणि इस्पितळाचं बिल कंपनी परस्पर भरते की आपण भरून मागायचं. जावयांचं म्हणणं चुकीचं नाही, इथल्या कंपन्याही पाहुण्यांसाठी असा विमा विकतात आणि क्लेमच्या वेळी फोन जर्मन ऑफिसात लागतो, हा फायदा खरा. पण आधीच्या आजाराचं कलम त्यांच्याकडेही असतंच. दोन्ही कागद शेजारी ठेवून तेवढं एक कलम वाचा. हप्ता चार पैसे जास्त पडला तरी चालेल.

आणि फॉर्मवर बीपी, शुगर लिहा हं. ‘कशाला उगाच लिहायचं’ असं कुणी म्हणेल. न लिहिलेला आजार क्लेमच्या दिवशी बरोब्बर सापडतो.

गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणा. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं आणायला परवानगी आहे. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यावर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव इथल्या मेडिकलवाल्याला कळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तो बीपीची गोळी देत नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. रात्री-अपरात्री जीवघेणं नसलेलं दुखणं असेल तर 116117, जीवावरचं असेल तर 112. हे दोन नंबर फ्रिजवर लावून घ्या.

आता तारखेचं. शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तुम्ही सातव्या-आठव्या महिन्यातच यायचं म्हणत असाल तर बाळ महिन्याचं होईपर्यंत तुमचे दिवस संपत येतील. पहिल्या दोन आठवड्यांत हेबामे घरी येते, जावई रजेवर असतात. खरी ओढाताण ते कामावर परत गेले की. तेव्हा आलात तर मुलगी तुम्हाला जन्मभर दुवा देईल. तुमच्या मनाला हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे, पहिलटकरणीच्या आईला तिकीट नेहमी लवकरचंच हवं असतं. निदान प्रसूतीच्या तारखेआधी दहा-बारा दिवसांहून लवकर येऊ नका.

बाळंतविड्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. डिंक, सुंठ, खारकेची पूड आणा. तूप, खवा, पेढे मात्र पेटीत घालू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे आणि विमानतळावर काढून घेतात. तूप इथं लोणी कढवून झकास होतं.

प्रश्न : आमची दोघांची नोकरी फ्रांकफुर्टला. पत्नीला पाचवा महिना आहे आणि तिला बाळंतपणासाठी माहेरी, साताऱ्याला जायचंय. आम्ही इतके वर्षं कासेला हप्ते भरतोय, तर तिथलं बिल ते देतील ना?
— एक वाचक, फ्रांकफुर्ट

नाही देणार. सरकारी कासेचं संरक्षण युरोपात आणि ज्यांच्याशी आरोग्याचा करार आहे अशा मोजक्या देशांत चालतं. भारत त्यात नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे खरा, पण तो पेन्शनसाठी. त्याचं नाव ऐकून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो.

भारतातला विमा आता घ्यावा म्हणाल तर बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो, पॉलिसीप्रमाणे नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत. पाचव्या महिन्यात त्याचा उपयोग शून्य. म्हणजे सातारचा खर्च खिशातून. तो तुम्हाला झेपेलही, पण बाकीचं बघा. पत्नी नोकरी करतेय, तर बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे तिला इथं पूर्ण निव्वळ पगाराइतके पैसे मिळतात, दिवसाला 13 युरोपर्यंत कासेकडून आणि वरचे मालकाकडून. कासेचा वाटा भारतात राहून मिळेल का, ते तिकीट काढण्याआधी लेखी विचारा. एल्टर्नगेल्डला आई आणि मूल जर्मनीत राहत असणं ही अटच आहे. भारतात जन्मलेल्या बाळाला परत आणायला पासपोर्ट हवा, व्हिसा हवा, आणि व्हिसाची तारीख बाळाच्या भुकेसारखी आपल्या सोयीनं येत नाही. देशाबाहेर फार दिवस राहिलं तर परमिटही रद्द होतं : ब्लू कार्ड आणि त्यावरच्या कुटुंबाला 12 महिने, इतरांना साधारण 6. आणि विमानवाले 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागायला लागतात.

माहेरची ओढ मी हिशेबात बसवू शकत नाही. जायचंच असेल तर हे सगळं माहीत असून जा. नाहीतर साताऱ्यालाच इकडं बोलवा, वरच्या कोल्हापूरच्या ताईंचं उत्तर तुमच्या सासूबाईंना वाचायला द्या.

प्रश्न : सगळ्या सरकारी कासे सारख्याच, तर गरोदरपणाच्या दृष्टीनं कुठली घ्यावी? आणि एकटीची खोली मिळावी म्हणून पूरक विमा घेऊ का? दुसरा महिना चालू आहे.
— वाचक भगिनी, कार्ल्सरूह

पूरक विमा आता नको. त्यातही बाळंतपणाला आठ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असतो, तुमचं बाळ त्याआधी येणार. तेच पैसे बाजूला ठेवा, खोली रिकामी असेल तर इस्पितळात त्याच दिवशी मागता येते.

कासेंचं मूळ पॅकेज कायद्यानं ठरलेलं, त्यात फरक नाही. फरक वरच्या वर : जादा हप्त्याची टक्केवारी, आणि काही लहान सोयी. फोन करून एवढंच विचारा की प्रसूतीच्या आसपासच्या दिवसांत हेबामे रात्रंदिवस तयार राहण्याचं जे शुल्क घेते त्यातलं किती परत देता, नवऱ्याच्या प्रसूतिपूर्व वर्गाचे पैसे देता का, आणि इंग्रजीत बोलणारं माणूस आहे का. तिसऱ्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर आलं तर पुढच्या कासेला फोन लावा.